भाजकाकडे लक्ष ठेवा

अभिनंदन, सर! महाविद्यालयाच्या ‘समान संधी व विद्यार्थी यश’ समितीवर तुमची वर्णी लागली. घाबरू नका, जास्तीचं काही शिकवायचं नाही. फक्त सगळ्यांना एका मापाने मोजायचं.

पहिला तास सकाळी ८ चा ठेवा. सोलापुरातल्या अशोक चौकाकडची, बिडी कामगारांच्या वस्तीतली एखादी मुलगी हमखास उशिरा येईल. आईबरोबर काल वळलेल्या बिड्या कारखान्यात द्यायला गेले होते, रांग हलेना, असं सांगेल. तिला दारातूनच परत पाठवा. नियम म्हणजे नियम. आत आलीच तरी घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि तुमची स्लाइड इंग्रजीत. पण स्लाइड सगळ्यांना सारखीच दिसते ना? झाली की समता!

‘लांब पडतं’ ही सबब तर ऐकूनच घेऊ नका. पूर्वी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या विद्यापीठाखाली होती, तेव्हा ठीक होतं. २००४ पासून खास एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ आहे. आणखी किती जवळ आणायचं?

पैशाचं म्हणाल, तर ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून माफ आहे. गेटवर फ्लेक्स लावा. बसभाडं, झेरॉक्स, बुडालेली मजुरी हे त्यावर नको, फोटोंना जागा पुरत नाही. महाडीबीटीची, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाची नोटीस मुदतीच्या आदल्या दिवशी लावा, आणि कुणी विचारायला आलंच तर ‘आधार बँकेला जोडलंय का?’ एवढं विचारा. समुपदेशनाच्या रकान्यात एक नोंद वाढते.

आता खरं कसब. समजा, १०० जणांनी प्रवेश घेतला आणि ५० पास झाले. निकाल ५० टक्के? छे! टक्का काढायचा तो परीक्षेला बसलेल्यांवर. ४० जण आधीच गळाले असतील तर ६० पैकी ५०, म्हणजे ८३ टक्के! खडूसुद्धा जास्त झिजला नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम उगाच नाही केला, आणि पहिला तास ८ चा का, हेही आता ध्यानात आलं असेल.

बिडी कारखान्यात छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या बिड्या, निघते, तिचाही हिशेब असतो, बाईचे पैसे कापायला का होईना. आपल्याकडे तेवढाही ताप नाही. त्या मुलीच्या नावावर लाल रेघ ओढा आणि फ्लेक्सवाल्याला फोन लावा. ८३ चा आकडा मोठा घ्यायला सांगा.