सतरा वर्षांच्या पोराला शिव्या घालणाऱ्यांनो

आत्ताच फुटबॉलची मॅच बघून आलोय. अजून हातपाय धुतले नाहीत, आधी हे लिहितोय, कारण जेवण गेलं नसतं.

आपल्या पेठेच्या टीमनं आज तीन स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध बचाव करणारे, लावले आणि उजव्या लाईनवर सतरा वर्षांचं एक पोरगं विंगबॅक म्हणून, म्हणजे एकट्यानं अख्खी लाईन वर-खाली सांभाळायला, उभं केलं. पहिल्या हाफमध्ये त्यानं वर जाऊन बाजूनं गोलसमोर चार चांगले क्रॉस टाकले आणि दोनदा मागं पळत येऊन बॉल बाहेर काढला. तेव्हा गॅलरीत कुणी टाळी वाजवली नाही. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास त्याच्या मागच्या मोकळ्या जागेतून बॉल गेला, गोल झाला आणि अख्खी गॅलरी उठली. "ए बॅक, झोपलास काय रं?" पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही, आयाबहिणींपर्यंत गेलं. कोच सरांनी लगेच त्याला बाहेर घेतलं. पोरगं बेंचवर बसलंच नाही. बेंचच्या मागं मातीत बसलं, एका पायातला बूट काढला आणि तो हातात तसाच धरून राहिलं.

शिव्या देणारे परके नव्हते. तुम्हीच होता. काही जण ही पोस्ट वाचताय, मला माहीत आहे.

पहिली गोष्ट, तो बॅक नव्हता. चार मागे असतात तेव्हा एका लाईनवर दोन माणसं असतात, खाली साईड बॅक आणि वर विंगर. एक चढला की दुसरा बघतो. तीन मागे लावले की ती सगळी लाईन एकट्याची. वर रुंदी त्यानंच द्यायची, क्रॉस त्यानंच टाकायचा, बॉल गेला की समोरच्या विंगरला गाठायचंही त्यानंच. आणि बॉल पलीकडच्या बाजूला असला की आत सरकून मागची चौथी भिंतही त्यानंच व्हायचं. तो वर गेला की त्याच्या मागची जागा बाहेरच्या स्टॉपरनं सरकून झाकायची असते. आज तो स्टॉपर जागेवरून हलला नाही. पण गॅलरीतून ते दिसत नाही. गॅलरीतून दिसतं ते धापा टाकत, दोन पावलं उशिरा पोचणारं पोरगं.

मला हे कसं माहीत? कारण ते पोरगं मी होतो.

2008. सेमी फायनल. मी एकोणीस वर्षांचा, मूळचा राईट आऊट, म्हणजे उजवा विंगर. सकाळी सरांनी सांगितलं, "आज लाईन तुझी. वरची पण, खालची पण." मला वाटलं, माझ्यावर भरवसा टाकलाय. दुसऱ्या हाफमध्ये मी क्रॉस टाकायला कोपऱ्यापर्यंत गेलो, क्रॉस थेट गोलकीपरच्या हातात. त्यानं लगेच लांब फेकला. मी वळलो तेव्हा त्यांचा लेफ्ट आऊट माझ्या पुढं दहा पावलं होता. मी धावलो, देवाशपथ धावलो, पोटरीत गोळा आला तरी धावलो. दोन पावलं कमी पडली.

इंग्लंडचा 2021 चा युरो फायनल आठवा, 11 जुलै, वेम्बली. दुसरं मिनिटही पुरं झालं नव्हतं. उजव्या बाजूनं ट्रिपिअरनं थांबून, मान वर करून, पार पलीकडच्या पोस्टकडं क्रॉस टाकला आणि तिथं डावीकडून आलेल्या ल्यूक शॉनं बॉल जमिनीवरून उसळताच मारला. एका विंगबॅकनं दिला, दुसऱ्या विंगबॅकनं घातला! इटलीच्या चार जणांच्या लाईनला पाचवा माणूस मोजताच आला नाही. आणि मग? इंग्लंड हळूहळू मागं सरकलं. तेच दोघं आपल्याच डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनाच्या, कोपऱ्यावर येऊन उभे राहिले, तिनाचे पाच झाले. 67 व्या मिनिटाला बोनुचीनं बरोबरी केली, शेवटी पेनल्टीवर गेलं. कागदावर फॉर्मेशन बदललं नव्हतं. बदलली ती दोन माणसांची उभं राहायची जागा, वीसेक पावलांनी.

म्हणून "तीन मागे म्हणजे भित्रा खेळ" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. भित्रा की धाडसी, ते स्टॉपर ठरवत नाहीत, विंगबॅक ठरवतात. कोच कॉन्तेची इंग्लंडमधली चेल्सी बघा. 24 सप्टेंबर 2016 ला आर्सेनलनं 3-0 नं धुतली, त्याच मॅचमध्ये त्यानं तीन मागे केले आणि त्यानंतर लीगमध्ये सलग 13 मॅच जिंकल्या. उजव्या लाईनवर कोण? व्हिक्टर मोझेस. मूळचा विंगर, तीन वर्षं तीन क्लबांना उसना दिलेला. लेव्हरकुसेन 2023-24 मध्ये जर्मनीच्या लीगमध्ये, बुंडेसलिगात, 34 मॅचमध्ये एकदाही हरली नाही. त्यांच्या दोन विंगबॅकपैकी ग्रिमाल्डोचे लीगमध्ये 10 गोल, फ्रिम्पाँगचे 9. हे बॅकचे आकडे आहेत का?

हां, मोझेसनं 2017 च्या एफए कप फायनलमध्ये पेनल्टीसाठी खोटं पडून दुसरं यलो कार्ड घेतलं आणि बाहेर गेला, ती चूक त्याचीच. आणि तशी माणसं नसताना तीन मागे लावले की काय होतं ते मँचेस्टर युनायटेडनं 2024-25 ला लीगमध्ये पंधराव्या नंबरवर येऊन दाखवलं, तेही मान्य. पण ती चूक लावणाऱ्याची.

आणि डिमार्को, इटलीच्या इंटरचा डावा विंगबॅक. 2025 मध्ये इंटर चॅम्पियन्स लीगच्या फायनलला पोचली त्यात त्याच्या डाव्या पायाचा वाटा केवढा! म्युनिकला पॅरिसच्या पीएसजीविरुद्ध पहिल्या गोलला तो एक पाऊल मागं राहिला, त्यामुळं समोरचा ऑफसाईड धरला गेला नाही आणि गोल कुणी केला, तर हकिमीनं, जो इंटरच्याच उजव्या लाईनवर विंगबॅक म्हणून लीग जिंकून गेला होता. दुसरा गोल डिमार्कोलाच लागून आत गेला. दुसऱ्या हाफमध्ये त्याला काढलं. इंटर 5-0 नं हरली, अकराही जण हरले, पण लोकांच्या तोंडी एकच नाव. मी रात्री घरात एकटाच ती मॅच बघत होतो. त्याला बाहेर येताना बघून 2008 ची ती सगळी संध्याकाळ परत अंगावर आली.

त्या सेमीनंतर दोन वर्षं मी गल्लीतून जाताना मान वर केली नाही. "राईट बॅक कुठं मेलाय?" ही हाक मला रात्री झोपेत ऐकू यायची. आणि मग, बारा वर्षांनी, एका लग्नात जेवणाच्या पंगतीत आमचा तेव्हाचा उजवा स्टॉपर शेजारी येऊन बसला. वयानं मोठा, सगळे त्याला अण्णा म्हणतात. पानाकडं बघतच म्हणाला, "त्या दिवशी मी सरकायला पाहिजे होतं. तुला सांगायचं राहून गेलं." मी काही बोललो नाही, त्याला भात वाढायला सांगितला. पण अण्णा, बारा वर्षं!

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. शिव्या देणाऱ्यांचंही टीमवर प्रेम आहे, नाहीतर उन्हात कोण बसतं. तरी पण भावांनो, सतरा वर्षांचं पोरगं आहे. बारावीला आहे.

मॅच संपल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. बूट अजून हातातच होता. म्हणालं, "दादा, मी वर जायला नको होतं का?" मी म्हणालो, "जायलाच पाहिजे होतं. त्या जागेवर स्टॉपरनं यायचं असतं, सरांना आज जाऊन विचार." त्यानं मान हलवली. विचारेल का, माहीत नाही. त्या वयात मी विचारलं नव्हतं.

रविवारी परत मॅच आहे. मी उजव्या लाईनला लागून खालच्या पायरीवर बसणार, त्याच्या अगदी जवळ. हाफ टाईमनंतर बाजू बदलतात, तेव्हा मी पण उठून पलीकडं जाणार. ज्यांना यायचं त्यांनी या. तो वर जाईल तेव्हा टाळ्या वाजवायच्या, आणि मागं यायला उशीर झाला तर स्टॉपरला ओरडायचं, "सरक!"