आधीचं भाषांतर असताना नवं कशाला?

सोलापुरातल्या एका वाचनालयात पुस्तक खरेदीवरून वाद झाला, तो माझ्या बहिणीने मला फोनवर सांगितला. यादीत एका रशियन कादंबरीचं नवं मराठी भाषांतर होतं. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं असं, की आधीचं भाषांतर कपाटात आहे, ते कुणी वर्षभरात नेलेलं नाही, मग तेच पुस्तक पुन्हा कशाला? पैसे मोजके आहेत, दिवाळी अंक घ्यायचे आहेत, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मुलं रोज मागतात. नाव यादीतून गेलं.

त्या काकांचा मुद्दा मला उडवून लावायचा नाही. मी जर्मनीत लायपझिगमध्ये राहते. इथे भाषांतरकारांना मदत करणारा स्वतंत्र निधी आहे आणि लायपझिगच्या पुस्तक मेळ्यात कथासाहित्याच्या शेजारी भाषांतराला वेगळं पारितोषिक मिळतं. इथल्या सोयी दाखवून सोलापूरच्या वाचनालयाला उपदेश करणं अन्यायाचं होईल. आणि मराठीत न आलेली पुस्तकं इतकी आहेत, की आलेल्यावरच पुन्हा मेहनत का घ्यायची, हा प्रश्न खराच आहे.

पण नवं भाषांतर म्हणजे जुन्याचा अपमान किंवा वाया गेलेला खर्च, हा विचार आपल्या मराठी परंपरेतला नाही. 'मेघदूत' बघा. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते मराठीत आणलं, मग चिंतामणराव देशमुखांनी, कुसुमाग्रजांनी, बोरकरांनी, शांताबाई शेळक्यांनी. 'आता पुरे' असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. गीतेचं तर विचारूच नका. 1290 ची ज्ञानेश्वरी घराघरात होती, वामन पंडितांनी श्लोकाला श्लोक दिला होता, तरी विनोबांच्या आईला तो मराठी श्लोकही कठीण वाटला. तूच का करत नाहीस, असं तिने मुलाला विचारलं. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी 'गीताई' झाली. ज्या बाईला वाचायचं होतं तिला आधीचं पोचत नव्हतं, एवढं कारण पुरेसं होतं. जुन्या भाषांतराला वाचक का नाही, याचं उत्तर अनेकदा इथेच असतं. कादंबरी तीच, पण तिची मराठी आजच्या कॉलेजातल्या मुलीच्या कानाला परकी झालेली असते. मूळ रशियन लेखकाची भाषा त्याच्या देशात जुनी झाली तरी त्याचीच राहते, भाषांतराला मात्र ती सवलत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: आधीच्या माणसाला जे करता आलं नाही ते. अरबी सुरस कथा एकोणिसाव्या शतकात चिपळूणकरांच्या घरातून मराठीत आल्या, इंग्रजीवरून, त्या काळच्या मराठी वाचकाला मानवेल अशा रूपात. पुढे 1970 च्या दशकात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टन यांच्या इंग्रजी भाषांतराचे सोळा खंड मराठीत आणले, त्यातला शृंगार न लपवता. एका बाईने ते निर्भीडपणे मराठीत लिहावं यासाठी मधली शंभर वर्षं जावी लागली. पण बर्टनही इंग्रजीच. जर्मनीत क्लाउडिया ओट यांनी 2004 मध्ये थेट अरबीतून भाषांतर केलं, मुहसिन महदी यांनी 1984 मध्ये संपादित केलेल्या जुन्या हस्तलिखिताच्या पाठावरून. मूळ पाठच नव्याने हाती आला होता. मराठीत तिसरं भाषांतर थेट अरबीतून कुणी केलं, तर गौरीताईंचं काम त्याने कमी होणार नाही.

इथल्या ग्रंथालयात ग्रीक कवी होमर शोधला, तर 1781 ची फॉसची 'ओडिसी' मिळते, शाडेवाल्टची गद्य मिळते आणि 2007 ची श्टाइनमानची पद्यातलीही. लोक तिन्ही नेतात. सगळंच मात्र ज्ञानाच्या ओढीने होतं असं नाही. 'छोटा राजपुत्र'चे लेखक सेंत-एक्झुपेरी 1944 मध्ये गेले. जर्मनीत पुस्तकाचे हक्क (कॉपीराइट) लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी सुटतात, त्यामुळे 2015 उजाडताच जर्मन भाषांतरांची रांग लागली. त्यात कवी एन्सेन्सबर्गरांचं होतं, तसं निव्वळ विक्रीसाठी केलेलंही असणार. भारतात ही मुदत साठ वर्षांची आहे. म्हणून प्रत्येक नवं भाषांतर घ्याच, असं मी म्हणणार नाही. दोन्हींची पहिली दहा पानं शेजारी ठेवून समितीने वाचावीत आणि मग ठरवावं.

आणि हे वाचन सोलापूरला जितकं जमेल तितकं क्वचितच कुठल्या गावाला जमेल. पूर्व भागात घरात तेलुगू, बाजारात मराठी. अक्कलकोटकडची माणसं कन्नड आणि मराठी एका वाक्यात बोलतात. ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला आपण संक्रांतीला नंदीध्वजांमागे चालतो, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले कन्नड वचनकार, म्हणजे शिवभक्तीची छोटी मुक्त काव्यं, वचनं, रचणारे. प्रत्येक वचनाशेवटी 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' अशी त्यांची मुद्रा, म्हणजे सहीसारखी नाममुद्रा, येते. देवळात रोज जाणाऱ्या किती मराठी माणसांनी त्यांचं एक तरी वचन वाचलं असेल? वचनांची मराठी भाषांतरं झाली आहेत, पण आजच्या बोलीतली, कानाला लागणारी अजून हवीत. वचनं इंग्रजीत ए. के. रामानुजनांनी 1973 मध्ये नेली आणि जगभर वाचली गेली. तरीही 1992 मध्ये भाषांतराच्या अभ्यासक तेजस्विनी निरंजना यांनी त्या भाषांतरावर कडक आक्षेप घेतले. रामानुजन त्यामुळे कपाटातून बाहेर गेले नाहीत. उलट कन्नड कवी एच. एस. शिवप्रकाश यांनी वचनांचं इंग्रजी पुन्हा नव्याने केलं.

माझी वाचनालयाला विनंती आहे की रशियन कादंबरी यंदा नाही जमली तर पुढच्या वर्षी घ्या, जुनी प्रतही ठेवा. पण या जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत एक संध्याकाळ राखा. सिद्धरामेश्वरांचं एक वचन आधी कन्नडमधून म्हणा, मग त्याची दोन वेगळी मराठी भाषांतरं वाचा. कन्नड येणाऱ्या आज्यांना पुढच्या रांगेत बसवा आणि कुठे चुकलं ते त्यांना सांगू द्या. ती पुस्तकं आणायला लागणारे पैसे मी पाठवते.