टीडीएसचा पेन आणि समुद्रातलं शिसं

किनाऱ्यावर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनसारखं उपकरण) पाण्यात बुडवायचा, आकडा टोकाला गेलेला दाखवायचा आणि म्हणायचं, “बघा, किती शिसं आणि पारा! लॅबवाले यालाच उगाच वेळ लावतात. मासे खाणं सोडा.” असे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरत असतात.

आकडा टोकाला जातो हे खरं. जाणारच! हा पेन पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. शिसं खुल्या समुद्राच्या पृष्ठभागी लिटरमागे 10 नॅनोग्रॅमच्या आसपास. ते हजारपट वाढलं तरी 0.01 मिलिग्रॅम होईल. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात शिशाची कमाल मर्यादा एवढीच आहे. पण पेनची सर्वांत लहान पायरीच 1 मिलिग्रॅमची, मग आकडा हलणार कसा?

आता “उगाच वेळ”. धातू मोजणारा सेन्सरही विजेवरच चालतो, पण त्याची रीत वेगळी. इलेक्ट्रोडला (पाण्यात बुडवलेल्या वीजवाहक टोकाला) ऋण विभव, म्हणजे वजा व्होल्टेज, देऊन पाणी ढवळत ठेवायचं. काही मिनिटांत धातूचे आयन (विद्युतभारित कण) त्यावर येऊन साठतात. मग विभव हळूहळू धन बाजूला न्यायचा, की आधी जस्त, मग कॅडमियम, शिसं, शेवटी तांबं असे ते एकेक करून सुटतात. प्रत्येकाचा विजेच्या आलेखात वेगळा उंचवटा दिसतो. गंमत म्हणजे व्हिडिओत खलनायक ठरलेलं मीठ इथे कामी येतं: वीज वाहायला वेगळा क्षार घालावा लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. समुद्रातलं बरंचसं तांबं सेंद्रिय रेणूंना बांधलेलं असतं आणि सेन्सरला ते एरवी सहसा दिसत नाही. एकूण तांबं हवं असेल तर नमुन्यात आम्ल घालून त्यावर अतिनील किरण सोडावे लागतात. शिवाय बाटली, हातमोजे, जहाजाचा रंग, कशातूनही धातू नमुन्यात उतरू शकतो. समुद्रातल्या शिशाचे जुने आकडे अशाच भेसळीने फुगले होते, हे अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी दाखवून दिलं. वेळ जातो तो इथे.

राहिले मासे. पारा अन्नसाखळीत वर चढत साठतो. मोठ्या शिकारी माशात तो पाण्याच्या लाखो पट असू शकतो, छोट्या बांगड्यात त्या मानाने फार कमी. तेव्हा सुरमई घ्यायची की नाही हे ठरवायला माशाचंच मांस तपासावं लागतं.