परळ कोणाचं?

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा दादाने, माझ्या चुलतभावाने, परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलबद्दल लिहिलं, "टाटात आधी आपली माणसं. बिहार-बंगालचे लोंढे येतात नि फुटपाथ अडवतात." खाली धडाधड अंगठे. मी लॉस एंजेलिसमध्ये बालरुग्णालयाच्या फार्मसीत काम करते. तो मेसेज वाचला तेव्हा एका पाच वर्षांच्या पोराच्या मर्कॅप्टोप्युरिनच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरच्या, गोळ्या भरत होते. फार झोंबलं.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). इथे दहापैकी जवळपास नऊ मुलं त्यातून वाचतात, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, आणि त्यातला मोठा काळ घरी, रोजच्या गोळीवर. डॉ. स्मिता भाटिया आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की या गोळ्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी घेतल्या गेल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांमध्ये हे चुकण्याचं प्रमाण जास्त दिसलं. चुकणारच! आईचं काम सुटलेलं, भाडं थकलेलं, बाटलीवरचं इंग्रजी तिला लागत नाही. औषध आम्ही देतो. घरी ते नीट पोटात जाईल एवढं स्वास्थ्य कोण देणार?

इथे ते 'पाद्रेस कॉन्त्रा एल कान्सर' देते. १९८५ मध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या मूठभर आईबापांनी सुरू केलेली संस्था. आजार त्यांच्या भाषेत समजावणं, अडीनडीला पैसे, याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या आईशी गाठ. शिवाय २०१६ पासून कॅलिफोर्नियात देशात राहण्याचे कागद नसलेल्या मुलांनाही मेडि-कॅल, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळतं. हे मी ग्रुपवर लिहिलं, जरा तोऱ्यातच.

दादाचं उत्तर लगेच आलं: "आणि तुमच्याकडच्या धाडी?"

बरोबर आहे त्याचं. २०२५ च्या जूनमध्ये इथे कागद नसलेल्या स्थलांतरितांना पकडायला धाडी सुरू झाल्या तेव्हा मीसुद्धा पर्समध्ये पासपोर्ट घेऊन फिरत होते. मी शिकलेली, टॅक्स भरणारी, कायदेशीर आलेली, त्या बायकांपेक्षा वेगळी, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत होते. ग्रीन कार्डच्या रांगेत होतो तेव्हा मुलीला ताप आला की थर्मामीटरच्या आधी मी इन्शुरन्सचं कार्ड शोधायचे. ती धास्ती माझ्या अंगातून गेलेली नाही. म्हणून तर परळच्या फुटपाथवर फाइल उशाला घेऊन झोपलेल्या बंगाली बाईला कोणी लोंढा म्हटलं की मला ते माझ्याबद्दल वाटतं.

आणि दादा कुठला? आमचे आजोबा चिपळूणहून गिरणीत आले. लालबागला गावच्या मंडळाची खोली होती, पाळीपाळीने झोपायचे सगळे. ती खोली नसती तर ना आजोबा टिकले असते, ना दादाची मुंबई झाली असती.

जागा नाही, असं तो म्हणतो. २०२१ मध्ये करी रोडला म्हाडाची शंभर घरं टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दिली होती. रहिवाशांनी विरोध केला, आमदारांनी पत्र दिलं, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. आणि लगोलग बॉम्बे डाइंगच्या आवारात शंभर खोल्या निघाल्या! जागा होती. शेजार नको होता.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि कॉटन ग्रीनची सेंट ज्यूडची केंद्रंही मुंबईतच आहेत. देशभरातून आलेली कुटुंबं तिथे उपचार चालू असेपर्यंत राहतात, आणि त्यासाठी पैसा देणाऱ्या, राबणाऱ्या माणसांत मुंबईकर आहेतच. माझी मुंबई ती. लालबागला पुढे झालेली घरची खोली आम्ही विकली, मतदार यादीत माझं नाव नाही, दादा मला तिकडची म्हणतो. म्हणू दे. त्याच्या 'आपल्या माणसांत' ती बंगाली बाई बसत नसेल, तर मलाही त्यात मोजू नये.