डबी लावा, बिल अर्धं करा म्हणे!

आत्यानं जेल रोडवरून ती पॉवर सेव्हरची डबी आणून मीटरशेजारच्या प्लगात लावलीसुद्धा, कारण आपल्या इंदूरच्या रामबागेतल्या सगळ्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: पॉवर फॅक्टर सुधारा, बिल 40 टक्के कमी, फ्रिजचं आयुष्य वाढणार, आणि चार्जर-एलईडीनं ‘खराब केलेली’ वीज शुद्ध होणार.

बिलाचं आधी. घरचं बिल किलोवॉट-अवरवर, म्हणजे युनिटवर येतं, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटातला किती भाग खऱ्या कामी येतो ते प्रमाण) 0.6 असो की 1, फ्रिजनं खाल्लेली वीज तेवढीच. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेची 2009 ची टेक्निकल नोट 1654 याच विषयावर आहे, त्यांचंही म्हणणं हेच की घरगुती गिऱ्हाइकाचं यानं काही वाचत नाही. वायरमधला लॉस वाचतो म्हणाल, तर करा हिशोब: 150 वॉटचा फ्रिज, 1 अँपिअर करंट, पॉवर फॅक्टर 0.65 वरून सुधारून 1 वर आणला, वायर अर्धा ओहम धरली, तर वाचले 0.3 वॉट. दिवसरात्र चालला तरी महिन्याला पाव युनिट नाही. तेही डबी फ्रिजपाशी असेल तरच! मीटरपाशी लावली तर पुढच्या वायरीत करंट होता तेवढाच.

पण डोकं फिरतं ते ‘शुद्ध’ वाचून. डबीत असतो एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, आणि एक दिवा. मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, तिथे कपॅसिटर उपयोगी, मान्य. चार्जरचं दुखणं वेगळंच, तो एसीचा डीसी करताना व्होल्टेजच्या टोकालाच दणकन करंट ओढतो, म्हणजे हार्मोनिक्स, मूळ लहरीत मिसळलेल्या जास्त वेगाच्या लहरी, आणि ते बाहेरून कपॅसिटर जोडून जात नाहीत, कधीकधी वाढतात. त्याला उपकरणाच्या आतच पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट लागतं, बहुतेक वेळा बूस्ट कन्व्हर्टर, जो करंटला व्होल्टेजच्या आकारात ओढायला लावतो. 75 वॉटवरच्या टीव्ही-कॉम्प्युटरसाठी आयईसी 61000-3-2 या आंतरराष्ट्रीय मानकात हार्मोनिक्सची मर्यादाच घातलेली आहे, डबी तिथे काय करणार?

आयुष्य वाढतं वगैरे सोडा, व्होल्टेज सांभाळणं हे या डबीचं कामच नाही.

पिथमपूरच्या फॅक्टऱ्यांत कपॅसिटर बँक लावतात हे खरंय बाबा, पण तिथे एचटी, म्हणजे हाय टेन्शन, मोठ्या व्होल्टेजचं कनेक्शन असतं, पॉवर फॅक्टर पडला की पेनल्टी लागते. आपल्याला ती नाही.

आणि ‘आमचं बिल खरंच उतरलं’ म्हणणाऱ्यांनी मे आणि ऑगस्टची युनिटं शेजारी ठेवून बघा. एसी बंद झाला, वर 150 युनिटच्या आत आलात तर मध्य प्रदेश सरकारची सबसिडी, बिल उतरणारच.

आत्या, डबी काढशील तेव्हा पिनांना हात लावू नकोस, आत साठलेली वीज उतरवणारा डिस्चार्जचा रेझिस्टर नसेल तर काढल्यावरही झटका बसतो.