पेनड्राइव्ह लावला की फोटो गेले? काहीही!

लिनक्सबद्दल (विंडोजऐवजी लॅपटॉपवर चालणारी मोफत प्रणाली) एक फॉरवर्ड फिरतोय: 'विंडोज 10 बंद झालं, जुना लॅपटॉप आता भंगार. लिनक्सच्या नादी लागू नका. पेनड्राइव्ह लावताच सगळे फोटो पुसले जातात, मराठी येत नाही, ती हॅकर लोकांची चीज असल्याने पोलीस घरी येतात आणि बिघडलं तर विचारायला कोणी नाही.' खाली नव्या लॅपटॉपच्या 'ऑफर'साठी फोन नंबर! हे वाचून गोव्यातल्या साखळीच्या आमच्या मामीने चांगला चालता लॅपटॉप भंगारवाल्याला द्यायला काढला, म्हणून हा खटाटोप.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. लॅपटॉप सुरू व्हायचा थांबला नाही, पण सुरक्षेची भोकं आता पूर्वीसारखी आपोआप बुजत नाहीत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, जुन्या मशीनची गाडी तिथेच अडते. लिनक्स मिंटला (लिनक्सचाच एक प्रकार) ती लागत नाही, 4 जीबी रॅम असली की पुरे. बँक, यूट्यूब, भजनी मंडळाच्या याद्या हे मामीचं सगळं काम फायरफॉक्स ब्राउझर आणि लिब्रेऑफिसात (एमएस ऑफिससारखं मोफत पॅकेज) होतं.

आता फोटोंची थाप. मिंटची तीनेक जीबीची आयएसओ फाइल (अख्खं मिंट एका फाइलीत) उतरवायची आणि रूफस या मोफत प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहायची. पुसलं जातं ते इथे, आणि तेही पेनड्राइव्हवरचं. तेव्हा लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका. मग लॅपटॉप चालू करताना एफ12 (काहींत एफ9 किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. मिंट तिथूनच चालतं, हार्ड डिस्कवर स्वतःहून काही लिहीत नाही. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा आयकॉन दिसेल, त्याला हात लावू नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, एवढं बघा. नाही पटलं तर बंद करून पेनड्राइव्ह काढा, विंडोज होतं तिथेच आहे.

फोटो जातात ते इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' डोळे मिटून निवडलं तर. 'अलाँगसाइड' निवडलं की विंडोज आणि मिंट दोन्ही राहतात. तरी आधी बॅकअप घ्याच, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा आकडा, कागदावर लिहून ठेवा.

आणि म्हणे पोलीस येतात! मग पहिली धाड सी-डॅकवर पडायला हवी. केंद्र सरकारच्या या संस्थेने 2007 मध्येच 'बॉस' नावाचं स्वतःचं लिनक्स काढलं. त्यात मराठी आहे, कोंकणीही आहे. मिंटमध्येही इनस्क्रिप्ट मांडणीचा मराठी कीबोर्ड जोडता येतो. ज्या अँड्रॉइड फोनवरून हे महाशय फॉरवर्ड करतात, त्याचा कर्नेल, म्हणजे गाभासुद्धा लिनक्सच.

विचारायला कोणी नाही, हे मात्र थोडं मान्य करावं लागतं. लिनक्स म्हटलं की गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याच्या कपाळावर आठ्या पडतात. आणि टॅली, कोरलड्रॉ किंवा जीएसटीच्या डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल, तर विंडोज अजिबात काढू नका.