आधी लघवीचं कल्चर, मग गोळी

लघवीला जळजळ सुरू झाली की ठाण्यात अजूनही पहिली धाव मेडिकलकडे. "मागच्या वेळचीच द्या" म्हटलं की सिप्रो किंवा नॉरफ्लॉक्स या अँटिबायोटिकची स्ट्रिप हातात. मी नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते. हे थांबायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. बहुतेक इन्फेक्शनमध्ये ई. कोलाय हा जंतू निघतो, आपल्याच आतड्यातला. तो प्लेटवर पसरून अँटिबायोटिकच्या डिस्क ठेवतो. औषध लागू पडत असेल तर डिस्कभोवती स्वच्छ गोल दिसतो. सिप्रोच्या डिस्कला मात्र कितीदा तरी जंतू अगदी चिकटून वाढलेले असतात. सेफोटॅक्सिम या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही तेच. मग त्यातच क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलेली डिस्क लावली आणि गोल 5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढला, की रिपोर्टवर ईएसबीएल लिहावं लागतं, म्हणजे सेफोटॅक्सिमसारखी औषधं तोडणारं एन्झाइम त्या जंतूकडे आहे; क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्यालाच रोखतं.

सिप्रो जंतूच्या डीएनए गायरेज या एन्झाइमला पकडते. त्या एन्झाइमच्या जीनमध्ये एक बदल झाला, 83व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन आलं, की पकड ढिली पडते. असे आणखी एक-दोन बदल साठले की सिप्रो संपलीच. हा बदल त्या जंतूच्या पुढच्या पिढ्यांत उतरतो. ईएसबीएलचा सीटीएक्स-एम-15 हा जीन मात्र बहुतेकदा प्लास्मिडवर असतो, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर. हे प्लास्मिड ई. कोलाय शेजारच्या क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूलासुद्धा देऊन टाकतो, आणि त्यावर बऱ्याचदा जेंटामायसिन, को-ट्रायमॉक्साझोल ही वेगळी अँटिबायोटिकं निकामी करणारे जीनही असतात. सिप्रोला दाद न देणाऱ्या पुष्कळ जंतूंकडे हे प्लास्मिड आधीच असतं. म्हणजे तुम्ही घेतली सिप्रो, आतड्यातले साधे जंतू मेले, आणि जे उरले त्यांच्यावर सेफोटॅक्सिमच्याच कुळातली सेफिक्सिमही चालत नाही! लोकांना हे कुणी सांगतच नाही.

सीटीएक्स-एम-15 हा जीन पहिल्यांदा 2001 साली नोंदला गेला, तोही दिल्लीतल्या नमुन्यांतून. एनडीएम-1 हे औषधं तोडणारं आणखी एक एन्झाइम तर 2008 मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या लघवीतल्या क्लेब्सिएलात सापडलं. त्याआधी तो रुग्ण दिल्लीत ॲडमिट होता. एनडीएम म्हणजे कार्बापेनेम हे राखीव अँटिबायोटिकही गेलं, ज्यावर आयसीयू चालतात.

"अगं, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर कळ कोण काढणार?" असं शेजारच्या काकू विचारतात. रास्त आहे. पण थांबायचं नाहीये काकू, फक्त क्रम बदलायचाय. आधी सॅम्पल द्या, लगेच डॉक्टरांना दाखवा, ते देतील ते सुरू करा. रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर ते बदलतील. साध्या इन्फेक्शनला नायट्रोफ्युरँटॉइनसारखं जुनं औषध अजूनही बऱ्याच जंतूंवर चालतं. उलट घरातल्या आजी-आजोबांना काहीच त्रास नसताना रिपोर्टमध्ये नुसते जंतू दिसले, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. गरोदर बायकांचं वेगळं, त्यांना उपचार हवेतच.

आणि सॅम्पल नीट द्या. जागा धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली लघवी स्टराइल डबीत. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे जमणार नसेल तर तोवर फ्रिजमध्ये ठेवा.